एक रुपयाचा परवाना आणि मामाची पावतीपुस्तकं

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. तो तालुक्याच्या गावी केबलचा धंदा बघतो. मामानं नव्वदच्या दशकात सुरू केलेला, आता दादाकडे आलेला. म्हणाला, "तू इंटरनेटच्याच इतिहासावर पीएचडी करतेयस ना? मग एवढं सांग, स्वतःचा आयएसपी काढू का नको? सहा लाख बाजूला ठेवलेत." मी म्हटलं, दादा, मी इतिहास करते, ज्योतिष नाही. तो म्हणाला, "मग मागं काय झालं तेवढं तरी सांग. पुढचं मी बघतो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की याचं उत्तर माझ्याकडे आहे. फक्त ते मी लिहिलेल्या प्रकरणात नाही, खोडलेल्या प्रकरणात आहे. हा लेख त्या खोडाखोडीबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण संशोधन प्रस्तावाच्या टप्प्यावर आहात, त्यामुळे चूक कुठे झाली तेही सांगते. (मी एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सवाली, इतिहासात उशिरा आले. ही चूक थोडी त्यातूनही झाली.)

आधी पार्श्वभूमी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी देशात नेटवर्क नव्हतं असं नाही. १९८६ पासून अर्नेट होतं. आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूची एनसीएसटी अशा संस्था त्यावर होत्या. पण ते संशोधकांपुरतं होतं. व्हीएसएनएलनं दार उघडलं आणि पहिल्याच महिन्यांत गोंधळ झाला. मोडेम कमी, फोन लाइन कमी, नंबर लागेना. अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी चूक झाल्याचं जाहीरपणे कबूल केलं. पुढची तीन वर्षं मात्र दुसरा दुकानदारच नव्हता. फक्त अक्षरं दिसणारं शेल खातं स्वस्त, चित्रं दिसणारं टीसीपी/आयपी खातं महाग, आणि दोन्ही एकाच खिडकीवर.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी आयएसपींसाठी धोरण आलं. कागदावर ते इतकं उदार आहे की पहिल्यांदा वाचताना मी तारीख पुन्हा तपासली. परवाना कितीही जणांना. तीन वर्ग: ए म्हणजे अख्खा देश, बी म्हणजे एक टेलिकॉम सर्कल किंवा मोठं शहर (पुणे त्यात स्वतंत्र होतं), आणि सी म्हणजे एक एसएसए, टेलिफोन खात्याचा साधारण जिल्ह्याएवढा विभाग. ऑक्टोबर २००३ पर्यंत परवाना फी माफ, त्यानंतर वर्षाला १ रुपया. बँक गॅरंटी ए वर्गाला २ कोटी, बी ला २० लाख, सी ला फक्त ३ लाख. त्याच महिन्यात सत्यम इन्फोवे म्हणजे सिफी पहिली खाजगी आयएसपी म्हणून सुरू झाली, आणि वर्षभरात ती अमेरिकेच्या नॅसडॅकवर होती.

मग मी काय लिहिलं असेल? "१९९८ च्या धोरणानं इंटरनेटचा बाजार छोट्या उद्योजकांना खुला केला." पुढे तीस पानं त्याचं समर्थन. परवान्यांच्या याद्या, अटी, ट्रायची शिफारसपत्रं, सगळं पीडीएफमध्ये मिळतं. घरी बसून केलं.

सरांनी 'खुला' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि समासात दोन ओळी लिहिल्या. एक, परवाना घेतला त्यातले किती जण पाच वर्षांनी चालू होते? दोन, ज्यांनी परवाना घेतलाच नाही आणि तरी इंटरनेट विकलं, ते तुझ्या कागदांत कुठे आहेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ट्रायच्याच अहवालांत होतं, मी फक्त त्या दृष्टीनं वाचलं नव्हतं. परवाने खूप, प्रत्यक्ष सेवा देणारे त्याहून बरेच कमी, आणि बहुतेक सगळे ग्राहक वरच्या मूठभर कंपन्यांकडे. असं का झालं हे समजायला धोरण वाचून भागत नाही. सी वर्गाच्या आयएसपीचा हिशेब मांडावा लागतो.

समजा १९९९ साल आहे आणि तुम्हाला एका जिल्ह्यात डायल-अप इंटरनेट विकायचंय. गिऱ्हाईक फोनवरून तुमचा नंबर फिरवणार, म्हणजे तुम्हाला फोन लाइन्स हव्यात. त्या कोण देणार? टेलिफोन खातं. एका ई-वन जोडणीत ३० लाइन्स, म्हणजे एका वेळी ३० गिऱ्हाइकं. तेव्हाचे छोटे आयएसपी जगभर दहा गिऱ्हाइकांमागे एक मोडेम अशी ढोबळ फूटपट्टी वापरत. तेव्हा एका ई-वनवर फार तर तीनशे गिऱ्हाइकं. मग तुमच्या खोलीतून बाहेरच्या जगाकडे जाणारी भाड्याची लाइन हवी. तीही खात्याची, आणि पुढं समुद्राखालच्या केबलपर्यंत व्हीएसएनएल. आणि गिऱ्हाइकाला तुमचे पैसे वेगळे, शिवाय जितका वेळ जोडलेला तितक्या वेळाचं फोन बिल वेगळं, ते खात्याला.

म्हणजे लाइन देणारे, बाहेरचा रस्ता देणारे आणि गिऱ्हाइकाकडून मीटर फिरवून घेणारे सगळे सरकारी. आणि हेच सरकारी लोक स्वतः इंटरनेटही विकत होते. ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच समोर दुकान टाकून बसलेला. त्यानं किरकोळ भाव पाडला आणि घाऊक भाव तसाच ठेवला, की मधला माणूस संपला. त्याला परवाना एक रुपयाला मिळाला होता की फुकट, यानं काही फरक पडत नाही.

पुढेही तेच. बाहेरच्या रस्त्याची मक्तेदारी २००० च्या सुमारास सैल झाली, खाजगी गेटवे आले. पण देशातल्या देशात आयएसपी एकमेकांना जोडलेले नव्हते. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांची दोन गिऱ्हाइकं एकमेकांना मेल पाठवायची, तर पुष्कळदा तो अमेरिकेत जाऊन परत यायचा आणि दोघंही डॉलरच्या भावानं भाडं भरायचे. निक्सी, म्हणजे देशातली रहदारी देशातच बदलण्याची जागा, २००३ मध्ये आली. ए वर्गाच्या कंपन्या तोवर तग धरून राहिल्या. सी वर्गाला पाच वर्षं तग धरायला पैसे कुठून येणार?

आणि २००४. ट्रायनं शिफारस केली होती की फोनची तांब्याची तार इतर कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्यावी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रॉडबँड धोरण आलं, २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं, पण तार उघडायची सक्ती त्यात नव्हती. २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएल आणि एमटीएनएलनं त्याच तारेवरून ब्रॉडबँड द्यायला घेतलं. डायल-अपवाल्यांची गोष्ट इथे जवळपास संपते. माझं मूळ प्रकरणही इथेच संपत होतं, 'छोटे उद्योजक टिकले नाहीत' अशा सुस्काऱ्यावर.

सरांचा दुसरा प्रश्न राहिला होता.

दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा सहज विचारलं, मामा, तुमच्याकडे इंटरनेट कधी आलं? त्यानं माळ्यावरचा खोका काढायला लावला. आत पावतीपुस्तकं. केबलची जुनी, मग २००६ पासून 'नेट' असा वेगळा रकाना. काहींना वाळवी लागलेली, काही पावसात भिजून चिकटलेली. परवान्याच्या कुठल्याही यादीत मामाचं नाव नाही आणि कधी नव्हतं. केबलच्या १९९५ च्या कायद्याखाली हेड पोस्ट ऑफिसात त्याची ५०० रुपयांची नोंदणी आहे, तेवढाच त्याचा सरकारी पुरावा. इंटरनेट तो एका परवानाधारक कंपनीचा भागीदार म्हणून विकत होता. परवाना त्यांचा, वरची लाइन त्यांची. वायर, पोरं आणि वसुली मामाची.

हे एकट्या मामाचं नाही. मुंबई-पुण्यापासून तालुक्यांपर्यंत शेकडो केबलवाले असेच आयएसपी झाले. १९९१-९२ मध्ये स्टार आणि झी आले तेव्हा ज्यांनी गच्चीवर डिश लावून गल्लीभर वायर ओढली, तेच हे. त्यांच्याकडे जे होतं ते सी वर्गाच्या परवानाधारकाकडे नव्हतं: घराघरात पोचलेली वायर आणि दर महिन्याला दारात उभं राहायचा हक्क.

टीव्हीच्या कोॲक्स वायरीवरून इंटरनेट द्यायचं तर सिग्नल दोन्ही दिशांनी जायला हवा, आणि गल्लीतले ॲम्प्लिफायर एकाच दिशेचे. ते सगळे बदलणं मोठ्या कंपन्यांना परवडलं. छोट्यांनी दुसरी युक्ती केली. ऑफिसात वापरतात ती कॅट-फाइव्ह वायर गच्चीवरून ओढली आणि दर शंभर मीटरच्या आत एक स्विच लावला, कारण त्यापुढे इथरनेटचा सिग्नल नीट जात नाही. स्विच जिन्यात, पत्र्याच्या डब्यात, वीज सोसायटीच्या मीटरवरून किंवा एखाद्या ओळखीच्या घरातून, त्या घराला नेट फुकट. पावतीपुस्तकांत काही नावांपुढे रकमेच्या जागी नुसतं 'लाइट' लिहिलंय. मला दोन दिवस कळेना. वीजबिलाची थकबाकी असेल असं वाटलं होतं. तो खरं तर भाडेकरार होता, एका शब्दात.

आणखी एक. काही वर्षांच्या वह्यांत मेच्या शेवटाला नेटची वसुली एकदम खाली येते. मी आधी याचा संबंध सुट्टीशी, गावाला जाण्याशी जोडला, टिपणही लिहिलं. मामा हसला. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या वायरीतून झटका यायचा आणि ओळीनं स्विचचे पोर्ट जळायचे. बंद पडलेल्या दिवसांचे पैसे तो घ्यायचा नाही. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. मामानं पहिल्यांदा फायबर टाकली ती वेगासाठी नाही, या झटक्यांसाठी. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मला हे वाचून सुचायला हवं होतं, सुचलं नाही.

पण त्या खोक्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली वही वेगळी आहे. मध्ये एका वर्षी त्या भागीदार कंपनीनं या भागातली सेवा बंद केली. गिऱ्हाइकांनी सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, कंपनीच्या पोर्टलवर. कंपनीचा फोन लागेना. लोक मामाच्या दारात आले. कागदोपत्री ती गिऱ्हाइकं कंपनीची होती. यूजर आयडी, बिल, सगळं कंपनीच्या नावाचं. मामाकडे द्यायचं कायदेशीर कारण नव्हतं. त्यानं ४३ जणांचे उरलेल्या महिन्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले. प्रत्येक पावतीच्या मागे 'मिळाले' आणि सही. मामीच्या पाटल्या तेव्हा गेल्या, हे मला तिनं सांगितलं, त्यानं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची लाइन आली, तेव्हाच्या पुस्तकात त्या ४३ पैकी ३८ नावं पुन्हा आहेत.

माझं प्रकरण मी इथून उलटं लिहायला घेतलं. छोटा आयएसपी भारतात बुडाला हे विधान परवान्यांच्या यादीपुरतं खरं आहे. त्याच काळात छोटा आयएसपी दुसऱ्याच्या परवान्याखाली वाढत होता, आणि त्याचं भांडवल होतं वायर आणि ओळख. मात्र गिऱ्हाइकांची यादी त्याच्या हातात नव्हती. परवाना स्वस्त की महाग या प्रश्नावर मी वर्ष घालवलं, कारण परवान्याचे कागद सुबक टाइप केलेले आणि डाउनलोड करण्याजोगे होते. तुम्ही विषय निवडाल तेव्हा स्वतःला एकदा विचारा: हा प्रश्न मला पडलाय, की सहज मिळालेल्या साधनांनी पाडलाय?

एक बारीक तांत्रिक सूचनाही, कारण मी त्यात अडकले होते. एसएसए म्हणजे जिल्हा नव्हे. ठाणे शहर एमटीएनएलच्या मुंबईत आणि कल्याण मात्र बीएसएनएलचा वेगळा एसएसए. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. जनगणनेचे जिल्हे आणि दूरसंचाराचे आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढलीत तर ती चुकणार.

आता दादाचे सहा लाख. त्याला मी जे सांगितलं ते थोडक्यात इथे देते, कारण इतिहासाचा उपयोग काय हे कुणीतरी तुम्हालाही विचारणारच.

परवाना मिळवणं आजही सगळ्यात अवघड भाग नाही. २०१३ च्या युनिफाइड लायसन्समध्ये सी वर्गाची प्रवेश फी २० हजार होती, बी ची २ लाख, ए ची ३० लाख. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं परवान्याच्या जागी अधिकृतता आणलीय, त्यामुळे अर्जाच्या दिवशी सरल संचार पोर्टलवर जे असेल तेच धरायचं, कुणाच्या व्हॉट्सॲपवरचं नाही. खर्च परवान्यानंतर सुरू होतो. कोण, केव्हा, कुठल्या आयपी पत्त्यावर होतं याच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. आणि तू उशिरा आलास म्हणून त्या नोंदी तुला जास्त जड जाणार. आशिया-पॅसिफिकचे आयपीव्ही-फोर पत्ते एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या साठ्यावर आले. त्यानंतर येणाऱ्याला फार तर १०२४ पत्त्यांचा तुकडा मिळायचा. म्हणजे एका पत्त्यामागे अनेक घरं बसवायची, आणि पोलिसांचं पत्र आलं की त्यातलं नेमकं घर शोधायचं. त्यासाठीचं यंत्र आणि माणूस दोन्ही हिशेबात धर. आयपीव्ही-सिक्स पहिल्या दिवसापासून चालू कर.

फायबरचं गणित सोपं आहे. एका ओएलटी पोर्टवर ६४ घरं घ्यायची, आठाचा स्प्लिटर दोनदा, म्हणजे साधारण २१ डेसिबल गेले. तीन किलोमीटर फायबरचा एक, जोड आणि कनेक्टरचे दोन. झाले २४. जीपॉनच्या बी-प्लस लेझरला २८ चालतात. चारची शिल्लक ठेव, कारण डंपरनं वायर तोडली की प्रत्येक जोडाला थोडं थोडं जातं, आणि आपल्याकडे डंपर वायर तोडतोच.

पैशाचं गणित तितकं सोपं नाही. समजा ३०० घरं, प्रत्येकी ५०० रुपये. दीड लाख दिसतात. त्या ५०० मध्ये १८ टक्के जीएसटी आत असेल तर हातात साधारण सव्वा लाख. त्यातून वरची लाइन, दोन पोरांचे पगार, खांबांचं भाडं, वीज, जळलेले ओएनयू. रात्री नऊला सगळे व्हिडिओ बघतात. घरामागे तीन एमबीपीएस धरले तरी ९००. म्हणजे एक जीबीपीएस घ्यावाच लागतो, आणि तो एकाच कंपनीकडून घेतला तर १९९९ चा सी वर्गवाला आणि तू यात फरक राहत नाही. दोन वेगळ्या वाटांनी दोन कंपन्या हव्यात. भाव विचारताना यूट्यूबसारख्यांचा कॅश त्यात धरलाय का हे नक्की विचार. ती रहदारी जवळच्या सर्व्हरवरून येते आणि तिचा भाव वेगळा असतो.

म्हणून सहा लाख परवान्यात घालू नकोस, असं मी म्हटलं. आधी फायबर पूर्ण कर, खांबांची परवानगी लेखी घे, बॅटऱ्या बदल. भागीदारीतच राहा, पण करारात तीन गोष्टी तपास. गिऱ्हाइकांची यादी आणि त्यांचे नंबर कोणाचे. आगाऊ भरलेले पैसे कंपनीनं सेवा थांबवली तर कोण परत करणार. आणि वाटा बदलायचा झाला तर किती महिने आधी कळवणार. ३०० चे ६०० झाले आणि दोन वर्षं वसुली नीट राहिली, तर मग सी वर्गाचा अर्ज भर. वर्षाचे आगाऊ पैसे घेऊन त्यातून यंत्रं घेऊ नकोस हेही सांगितलं. तो म्हणाला, "ते मला माहितीये. पाटल्या मीही बघितल्यात."

२०१६ मध्ये जिओचं फोर-जी आलं तेव्हा दादाची निम्मी नेटची गिऱ्हाइकं गेली होती. फोनवर पुरेसं मिळतंय म्हणाले. २०२० मध्ये शाळा घरात आल्या आणि बरीच परत आली. मोठ्या कंपनीची फायबर गावात येईल का, हा त्याचा खरा प्रश्न आहे आणि त्यावर माझ्याकडे जुना कागद नाही. एवढंच म्हणाले की ती आली तरी तुटलेली वायर रात्री दहाला जोडायला कोण येतं, हे गावाला कळायला एक पावसाळा पुरतो.

करार अजून झालेला नाही. कंपनीचा माणूस गुरुवारी येणार आहे. दादानं त्या तीन मुद्द्यांवर पेन्सिलनं खुणा करून फोटो पाठवलाय. यादीचं कलम अपेक्षेप्रमाणे कंपनीच्या बाजूचं आहे, आगाऊ पैशांबद्दल तर अवाक्षर नाही. त्यानं मला त्या दिवशी बोलावलंय. मी जाणार आहे, तसाही पावतीपुस्तकांचा दुसरा खोका अजून माळ्यावरच आहे.